शेपटीतली आग आणि कुंपणावरचा सरडा

आमच्या सहावीच्या वर्गातल्या वह्यांची मागची पाने उघडली तर गणिताच्या उदाहरणांपेक्षा एक चित्र जास्त वेळा सापडते. नारिंगी अंगाचा, गोल डोक्याचा, दोन पायांवर उभा असलेला एक छोटा सरडा, आणि त्याच्या शेपटीच्या टोकाला पेटती ज्योत. त्याचे नाव चारमॅन्डर. ज्या मुलाला पंधराचा पाढा येत नाही, त्याला याची उंची (0.6 मीटर), वजन (8.5 किलो) आणि नोंद क्रमांक (4) तोंडपाठ असतो. सोळाव्या पायरीवर तो चारमेलियन होतो, छत्तिसाव्या पायरीवर पंख फुटून चारिझार्ड होतो, हेही मुले एका दमात सांगतात.

वाचकांपैकी अनेक अम्मी-अब्बूंना हा प्राणी ठाऊक नसेल, पण तो तुमच्या घरात आहे. तो मोबाईलमध्ये आहे, कंपासपेटीवरच्या स्टिकरमध्ये आहे, किराणा दुकानात दोरीला लटकणाऱ्या कार्डांच्या पाकिटात आहे. म्हणून आधी त्याची ओळख करून देतो.

पोकेमॉन हा मूळचा जपानी व्हिडिओ गेम. 27 फेब्रुवारी 1996 रोजी त्याचे पहिले दोन भाग जपानमध्ये बाजारात आले. खेळ असा की एक मूल घराबाहेर पडते, रानावनात भेटणारे तऱ्हेतऱ्हेचे काल्पनिक प्राणी पकडते, पाळते, शिकवते आणि प्रत्येकाची नोंद एका यांत्रिक वहीत करते. त्या वहीला पोकेडेक्स म्हणतात. पहिल्या खेळात असे 151 प्राणी होते. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. प्रवासाच्या सुरुवातीला तीन प्राण्यांपैकी एक निवडायचा असतो, आणि त्या तिघांतला आगीचा तो चारमॅन्डर. पुढे कार्टून मालिका आली, भारतात ती 2003 पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीत दिसू लागली. आज तिशीत असलेल्या कितीतरी बापांनीही ती पाहिली आहे, फक्त आता ते मुलांसमोर कबूल करत नाहीत!

हा खेळ ज्यांच्या डोक्यातून निघाला ते सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा नावाच्या गावात गेले. तेव्हा तिथे शेते, ओढे, तळी होती आणि या मुलाला किडे पकडायचा नाद होता. पुढे गाव वाढले, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, किडे गेले. किडे शोधण्याचा तो आनंद शहरातल्या मुलांना मिळावा म्हणून त्यांनी हा खेळ रचला. आमच्या जालन्यात मंठा रोडला किंवा अंबड रोडला फेरफटका मारला तर हे समजायला वेळ लागत नाही. काल जिथे कपाशी होती तिथे आज प्लॉटचे दगड रोवलेले असतात.

आता नावाकडे येऊ, कारण उर्दू शिकवणाऱ्याला त्यातच खरी मजा आहे. जपानीत याचे नाव हितोकागे. ‘हि’ म्हणजे आग, ‘तोकागे’ म्हणजे सरडा. इंग्रजीत नाव घडवताना जळण्याचा ‘चार’ आणि ‘सॅलमॅन्डर’ हे दोन शब्द जोडले. हा सॅलमॅन्डर आपल्याला नवा नाही. तो फारसी आणि उर्दूत ‘समंदर’ या नावाने शतकांपासून राहतो. उर्दूत पाण्याचा समंदर आणि आगीतला समंदर एकाच हिज्ज्यांनी लिहितात, म्हणून मुलांचा गोंधळ होतो. पाण्याचा समंदर हा संस्कृत समुद्राचा भाऊ आणि आगीतला समंदर युनानीतून आलेला पाहुणा. जुन्या लुगतीत, म्हणजे शब्दकोशांत, लिहिलेले असते की हा जीव अग्निमंदिरातल्या न विझणाऱ्या आगीत जन्मतो आणि आगीबाहेर आला की मरतो. गालिबच्या दिवाणातही हा आगीतला समंदर भेटतो. आणि आमची मुले काय सांगतात? चारमॅन्डरच्या शेपटीतली ज्योत विझली की तो मरतो. जपानमधल्या खेळातला सरडा आणि उर्दू लुगतीतला समंदर यांचा जीव असा एकाच आगीत अडकला आहे. हे सांगितल्यावर वर्गातल्या मागच्या बाकावरून जी शांतता आली, ती आम्हाला नेहमी व्याकरणाच्या तासाला हवी असते.

हा समज आला कुठून? खरा सॅलमॅन्डर हा सरडा नाहीच. तो बेडकाच्या नात्यातला, ओलसर कातडीचा उभयचर प्राणी आहे. तो ओल्या, कुजक्या ओंडक्यात दडून बसतो. युरोपात थंडीत असे ओंडके चुलीत टाकले की तो जीव घेऊन बाहेर पळायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचे की हा आगीतूनच निघाला. भारतात याच्या कुळातला प्राणी पाहायचा तर दार्जिलिंगकडच्या डोंगरात जावे लागेल. महाराष्ट्रात तो नाही. चौदाव्या शतकातल्या इजिप्तच्या दमीरी यांनी ‘हयातुल हैवान’ या प्राण्यांवरच्या मोठ्या ग्रंथात ‘समंदल’ची नोंद घेतली आहे, आणि तिथे तो सरडा नसून पक्षी आहे! त्याच्यापासून बनवलेले कापड मळले की धुवायचे नाही, आगीत टाकायचे, स्वच्छ होऊन निघते, अशी ही जुनी गोष्ट. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने मात्र लिहून ठेवले की हे कापड कुठल्या प्राण्याचे नाही, जमिनीतून खणून काढलेल्या दगडाच्या धाग्यांचे आहे. तो दगड म्हणजे ॲस्बेस्टॉस. आपल्याकडच्या जुन्या घरांवर जे सिमेंटचे पत्रे असतात त्यांत हेच धागे घातलेले असतात. (ते पत्रे कापताना किंवा फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांना फार वाईट, म्हणून मुलांना तिथून लांब ठेवा.) म्हणजे समंदरची कातडी आपल्याच डोक्यावर आणि तिच्या सांदीत संध्याकाळी बाहेर येणारी पाल. मुले यावर खूप हसली.

इथपर्यंत सारे गोड होते. अडचण मधल्या सुट्टीत आली.

शाळेच्या कुंपणाजवळ एक लिंबाचे झाड आहे. त्यावर सरडे असतात. जून-जुलैत नराचा गळा आणि खांदे लालभडक होतात, तो फांदीवर चढून मान वर-खाली करतो. ज्यांच्या वह्यांत चारमॅन्डर होता त्यांतलीच चार-पाच मुले गलोल घेऊन त्या झाडाखाली उभी. दोघांनी नेम धरला होता, बाकीचे ओरडत होते. “मार, मार, सवाब मिलता!”

हे दृश्य आपल्या मोहल्ल्यांत नवे नाही. त्यामागे दोन-तीन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. एक, सरडा लांबूनच माणसाचे रक्त शोषतो आणि म्हणून त्याचा गळा लाल होतो, ही दादी-नानीची समजूत. दुसरी, तो मान हलवून शत्रूला वाट दाखवतो, ही कहाणी. आणि तिसरी हजरत इब्राहीम (अ.) यांच्या आगीची गोष्ट, की त्या आगीत याने फुंकर घातली.

पहिल्या दोन गोष्टींचे उत्तर विज्ञानाच्या तासाला देता येते. लाल गळा हा रक्ताचा नाही, कातडीतल्या रंगाचा आहे. विणीच्या हंगामात मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला दटावण्यासाठी तो येतो, राग-भीती ओसरली की फिका पडतो. मान हलवणे हीही त्याची बोली आहे, ‘ही फांदी माझी’ एवढाच तिचा अर्थ. रक्त तो पीत नाही. मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे, अळ्या खातो. ज्या जिल्ह्याची ओळख मोसंबीच्या बागांनी आहे, तिथल्या शेतकऱ्याला हा फुकटचा मजूर आहे. आणि ज्याच्या चाव्याने माणूस मरावा असा विषारी सरडा, पाल किंवा घोरपड भारतात एकही नाही. तेलकट चकचकीत अंगाची सापसुरळी, जिला आपण सापाची मावशी म्हणतो, तीही बिनविषारी. दुधात पाल पडली तर ते दूध टाकावे हे खरे, कारण तिच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात. पण तो घाणीचा प्रश्न आहे, विषाचा नाही. अन्न झाकून ठेवणे हा त्यावरचा इलाज.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, आणि ती टाळून पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये ‘वजग’ मारण्यासंबंधी हदीस आहेत, इब्राहीम (अ.) यांच्या आगीचा उल्लेखही तिथे आहे. त्यांवर बोलण्याचा अधिकार उलेमांचा, आम्ही मास्तर. तरी भाषेपुरते बोलू शकतो. वजग म्हणजे घरातली पाल, छिपकली. झाडावरचा, कुंपणावरचा गिरगिट वेगळा. रंग बदलणाऱ्याला अरबीत ‘हिर्बा’ हा निराळा शब्द आहे. सहीह मुस्लिममध्येच असेही आहे की एका फटक्यात मारले तर सवाब जास्त, दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला कमी. जाणकार याचा एक अर्थ असा सांगतात की जिवाला तडफडत ठेवू नये. आणि त्याच ग्रंथात, कुठल्याही सजीवाला नेमबाजीचे निशाण बनवू नका, ही स्पष्ट मनाईही आहे. गलोल, आरडाओरडा, अर्धमेल्या सरड्याला काडीने उलटवून पाहणे, शेपटीला दोरा बांधणे, यातले काय कुठे बसते हे वाचकांनी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना जरूर विचारावे. आम्ही विचारले होते. खेळ म्हणून जिवाला छळणे जायज नाही, असे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले आणि पुढच्या जुम्याला मुलांना दोन शब्दही सांगितले.

पण सांगून मुले किती ऐकतात? वळण दुसरीकडूनच मिळाले. कार्टून मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत एक गोष्ट आहे. एका मालकाने चारमॅन्डरला कमजोर म्हणून टाकून दिलेले असते आणि ‘मी येईपर्यंत इथेच बस’ असे खोटेच सांगितलेले असते. तो खडकावर बसून वाट पाहतो. पाऊस सुरू होतो. शेपटीतली आग विझू नये म्हणून तो एक पान ज्योतीवर छत्रीसारखे धरून भिजत राहतो. आमच्या वर्गात ही गोष्ट निघाली तेव्हा ज्याच्या हातात आदल्या दिवशी गलोल होती, तोच मुलगा ती सांगत होता आणि त्याचा आवाज भरून आला होता.

आम्ही रागावलो नाही. फळ्यावर दोन रकाने आखले. एका बाजूला चारमॅन्डर, दुसऱ्या बाजूला लिंबावरचा सरडा. मुलांनी भरायला सुरुवात केली आणि दुसरा रकाना रिकामा राहिला. उंची? माहीत नाही. काय खातो? माहीत नाही. पावसात कुठे जातो? माहीत नाही. पोकेडेक्समधल्या शेकडो प्राण्यांची माहिती असलेल्या वर्गाला कुंपणावरच्या एका प्राण्याची चार वाक्ये सांगता आली नाहीत.

त्या आठवड्यात एक शंभर पानी वही आणली. तारीख, वेळ, जागा, रंग, काय करत होता, एवढेच रकाने. नियम दोनच. हात लावायचा नाही आणि न पाहिलेले लिहायचे नाही. मुलांनी वहीला ‘जालना डेक्स’ नाव दिले.

तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या अम्मी शाळेत आल्या. “सर, ये क्या लिखवारे बच्चों से? पढ़ाई छोड़ के गिरगिटां गिनरे. और वो मोबाईल का खेल, वो तो हराम बोलते ना?”

त्यांचा प्रश्न वाजवी होता. 2001 साली सौदी अरेबियात पोकेमॉनविरुद्ध फतवा निघाला होता आणि विक्रीवर बंदी आली होती. कार्डांच्या देवघेवीत जुगाराचा अंश, काही चिन्हांबद्दलचा संशय आणि प्राण्यांची ‘उत्क्रांती’, अशी कारणे त्यात होती. 2016 मध्ये मोबाईलवर पोकेमॉन गो आला तेव्हा त्या फतव्याची पुन्हा चर्चा झाली. आपल्याकडे गुजरात उच्च न्यायालयातही त्याविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली. खेळातली अंडी धार्मिक स्थळी दिसतात, अशी तिच्यातली तक्रार होती. आणि गंमत पाहा, 2025 मध्ये पोकेमॉन गो चालवणारा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरला ज्या स्कोपली कंपनीने विकत घेतला, तिची मालकी सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीकडे आहे. जगाची चाके कशी फिरतात!

आम्ही त्या अम्मींना आमचे मत सांगितले. कार्डांच्या बंद पाकिटात काय निघेल ते माहीत नसते. चारिझार्ड निघेल या आशेने मूल दहा-दहा रुपये घालत राहते, ही सवय वाईटच, तिथे हात आखडता घ्या. मोबाईलवरच्या खेळातही पैसे देऊन वस्तू घेता येतात, म्हणून फोनला जोडलेले बँकेचे खाते मुलाच्या हातात देऊ नका, वेळ ठरवून द्या. पण ‘उत्क्रांती’बद्दल घाबरण्यासारखे काही नाही, कारण खेळात जे होते त्याचे नावच चुकले आहे. एकच चारमॅन्डर आपल्याच आयुष्यात रूप बदलून चारिझार्ड होतो. याला जीवशास्त्रात रूपांतर म्हणतात. डबक्यातल्या शेपटीवाल्या पिलाचा बेडूक होतो, सुरवंटाचे फुलपाखरू होते, तसे. खरा सॅलमॅन्डरही लहानपणी पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतो आणि मग बदलतो. सरड्यात मात्र हे होत नाही. हा फरक मुलाला कळला तर तो त्याचा फायदाच आहे.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “मगर हात नक्को लगाने देव.” तो नियम वहीच्या पहिल्याच पानावर होता, तो दाखवला.

वही भरत गेली. मुलांनी जे लिहिले त्यातले बरेचसे पुस्तकात असते, पण पाहून लिहिलेल्याची गोडी वेगळी. सकाळी सरडा काळपट आणि सुस्त, दहाच्या उन्हानंतर पिवळसर आणि चपळ. का? कारण त्याच्या अंगात स्वतःची ऊब नाही, ती उन्हातून घ्यावी लागते. गडद अंग लवकर तापते. एका मुलीने शेजारी लिहिले, ‘चारमॅन्डरची आग शेपटीत, याची आग आसमानात.’ एका मुलाच्या घरी मांजराने पालीवर झडप घातली, शेपटी तुटून वळवळत राहिली आणि पाल पसार झाली. त्याने नोंद केली की खेळात शेपटीची आग गेली की मरण, भिंतीवर शेपटी गेली की जान वाचली. यावर आम्ही लाल शाईने काही लिहिले नाही, फक्त शेवटी एक बरोबरची खूण केली.

घाणेवाडी तलावाकडे शेत असलेल्या एका मुलाने घोरपड पाहिली. मोठी, दुभंगलेल्या जिभेची. त्याच्या चाचांना ती पकडणारी माणसे ठाऊक होती. तेव्हा वर्गात सांगावे लागले की घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तिला मारणे, बाळगणे, विकणे यांना कैद होऊ शकते. बरकतीसाठी म्हणून ‘हत्ता जोडी’ नावाची जी वस्तू शेंदूर लावून झाडाची मुळी म्हणून विकतात, ती अनेकदा नर घोरपडीच्या शरीराचा कापून वाळवलेला भाग निघालेली आहे. बरकत शोधणाऱ्या आपल्या घरांनीही हे ऐकून ठेवावे.

जुलैच्या मध्याला, दोन चांगले पाऊस झाल्यावर, शाळेच्या गुलाबाच्या वाफ्यात एक मादी सरडा माती उकरताना दिसली. वर्ग खिडकीला चिकटला. तिने खड्डा केला, बराच वेळ त्यात मागचा भाग घालून बसली, मग माती परत ओढून डोक्याने आणि पायांनी दाबली आणि निघून गेली. सरड्याची मादी एका वेळी दहा-वीस अंडी घालते आणि पुन्हा त्यांच्याकडे फिरकत नाही. मुलांनी त्या जागेभोवती चार विटा लावल्या आणि शिपाईमामांना वाफा न खोदण्याची ताकीद दिली, जणू तेच मुख्याध्यापक! गलोलवाला मुलगा रोज पहिली घंटा व्हायच्या आधी विटा मोजून यायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाफ्यातली माती एका ठिकाणी भुसभुशीत झालेली दिसली. बोटाएवढी, करड्या रंगाची, लांब शेपटीची पिले गुलाबाच्या काट्यांवर चढत होती. मुलांनी सात मोजली, कोणी नऊ म्हणाले. त्या दिवशी वहीत एक नवा रकाना मुलांनीच आखला होता, ‘रूपांतर’. त्याखाली एका मुलीच्या अक्षरात लिहिले होते: ‘नाही. छोटा आहे, पण पूर्ण सरडा आहे. मान आत्ताच हलवतो.’